पाटीवर लक्ष कोण ठेवेल?

हिरामावशी, पाच देशांची नावे लिहिलेला तो कागद मी अजून फाडलेला नाही. जर्मनी आणि आयर्लंड यांच्या मधल्या रेघेवर रावसाचा एक खवला चिकटून वाळला आहे. तो तुझ्या बोटावरून तिथे आला. "यातलं समुद्राकडचं कुठलं?" असे विचारत तू कागदावर बोट टेकवलेस आणि मी घाईने कागद ओढून घेतला, कारण तो तक्ता मी कार्यालयातल्या चांगल्या कागदावर छापून आणला होता. आज त्या तक्त्यातले आकडे मला आठवतही नाहीत. खवला मात्र रोज दिसतो.

असे काही लिहिण्याची मला सवय नाही. अठरा वर्षे मी बोईसरच्या औषध कारखान्यात, प्रयोगशाळेत, तपासणीचे अहवाल लिहीत आले. त्यात 'मी' हा शब्द येत नाही आणि 'तू' तर नाहीच. नमुना तपासला, निकषात बसतो किंवा बसत नाही, खाली सही. त्रेचाळिसाव्या वर्षी प्रथमच कुणाला तरी उद्देशून लिहिते आहे आणि ते ऐकायला तू नाहीस. असतीस तर म्हणाली असतीस, "मोठ्यानं वाच गो. पोटातल्या पोटात काय बोलतेस?"

तू कशी गेलीस, किती वाजता गेलीस, हे मी इथे लिहिणार नाही. ते ज्यांना ठाऊक असायला हवे त्यांना ठाऊक आहे. मला तुझ्याशी त्या आधीच्या गुरुवारबद्दल बोलायचे आहे. पण तिथे पोचण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि सरळ मुद्द्यावर येणे मला कधी जमले आहे?

आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा मासळीबाजारात आले. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील वीजकेंद्राच्या नोकरीसाठी तारापूरला आले आणि मी तिथल्या वसाहतीत वाढले. इतकी वर्षे समुद्राशेजारी काढूनही आमच्या घरात मासळीचा विषय अवघडच राहिला. तीन रविवार मी तुझ्या पाटीसमोर उभी राहिले, पाहिले आणि न बोलता निघून गेले. चौथ्या रविवारी तू हाक मारलीस, "ओ मॅडम, मासळी घेणार की पंचनामा करणार?"

आजूबाजूच्या सगळ्या बाया हसल्या. मी म्हटले, "मावशी, तुम्ही जरा सांगाल का, यातलं ताजं कसं ओळखायचं?"

"पयलं मला तुमी बोलायचं बंद कर. मला वाटतं माज्या मागं कोन तरी मोठं मानूस उबं हाय."

मग तू पापलेटचा गालाजवळचा कल्ला उचलून आतली लाली दाखवलीस, पोट दाबून दाखवलेस, डोळा दाखवलास. मी खिशातून वही काढून टिपून घेतले. त्या वहीवरून पुढची दोन वर्षे तू मला छळलेस. गिऱ्हाईक आले की म्हणायचीस, "थांबा, आमची मॅडम अगोदर लिवून घेईल."

त्याच महिन्यात तू मला पाच मिनिटे पाटीवर लक्ष ठेवायला सांगून पाणी प्यायला गेलीस. एक बाई आली आणि विचारू लागली, "ही सुरमई ताजी आहे ना?" मी नीट पाहिले, कल्ला उचलला आणि प्रामाणिकपणे सांगितले, "नाही. ही कालची आहे, बर्फात ठेवलेली. खाण्यास योग्य आहे, पण आजची नाही." बाई निघून गेली. तिच्या मागची दुसरीही गेली. तू परत आलीस तेव्हा शेजारी पालेभाजी घेऊन बसणाऱ्या लखमीबाईने तुला सगळे जसेच्या तसे करून दाखवले, अगदी माझ्या खालच्या पट्टीतल्या आवाजासकट.

मला वाटले, तू मला उठवून लावशील. तू कपाळावर हात मारलास आणि इतकी हसलीस की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. "आवो, कंपनीत तुमी औषध नापास करता, आता माजी सुरमई नापास केलीत?" थट्टेत का होईना, मला 'तुमी' म्हणण्याची ती तुझी एकमेव वेळ. पण पुढच्या रविवारी तीच बाई परत आली आणि तुला न विचारता मला विचारू लागली, "आज कुठली घेऊ?" त्यानंतर रविवारी सकाळी तासभर तुझ्या पाटीमागच्या पाटावर बसणे हा माझा नेम झाला. अनोळखी माणसाशी एक वाक्य बोलायचे तर आदल्या दिवसापासून मनात जुळवणी करणारी मी, तिथे बसून 'हे आजचे, ते कालचे' एवढे दोन शब्द तरी बोलू लागले.

परदेशी जायचे आहे हे मी सर्वांत आधी तुलाच सांगितले. बावीस वर्षांची असताना एकदा जायचे ठरले होते. वडिलांचे आजारपण आले आणि ते राहिले. मग आईचे वय, मग नोकरी, मग सवय. आता अडवणारे कुणी उरले नव्हते, तशी वेळही फारशी उरली नव्हती. काही देश अर्जदाराच्या वयाला गुण देतात, आणि दर वाढदिवसाला माझे गुण कमी होत होते. माझ्या भित्र्या, नीटनेटक्या आयुष्यात एक गोष्ट तरी मी स्वतः सुरू करावी, एवढीच इच्छा होती. ती मी कशीबशी बोलून दाखवली. तू बोंबील निवडता निवडता म्हणालीस, "जा की. पन कुठं?"

त्या 'कुठं'साठी मी दोन महिने घालवले. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जर्मनी, आयर्लंड. पगार, कर, घरभाडे, हवामान, वयाची अट, नागरिकत्वाला लागणारी वर्षे. प्रत्येक रकान्याला वेगळे वजन. जर्मनी पहिली आली. मी तो तक्ता तुझ्यापुढे धरला, तेव्हा माझ्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीचे भाव असावेत.

तू विचारलेस, "यात पाटीवर लक्ष कोन ठेवनार, ते कुठं लिवलंय?"

"असा रकाना नसतो, मावशी."

"मग काय तक्ता केलास?"

आणि मग तू बोईसरला पहिल्यांदा आलीस ती गोष्ट सांगितलीस. सातपाटी गावच्या तुमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया पालघरच्या बाजारात बसत. तिथली जागा सासूकडून सुनेकडे येते. तुझ्या सासूची जागा थोरल्या जावेकडे गेली आणि तुला जागाच राहिली नाही. तेव्हा तू बोईसरला जायचे ठरवलेस. कारखान्यांचे गाव, हिंदी बोलणारी गिऱ्हाइके, ओळखीचे कुणी नाही. घरचे म्हणाले, ती माणसे पापलेट ओळखत नाहीत, तुझी मासळी सडेल. तू पहिले तीन दिवस पाटी न घेताच आलीस. नव्या बाजाराला आधी रिकाम्या हाताने जायचे, ही तुमच्याकडची रीत. सकाळपासून दुपारपर्यंत नुसते उभे राहायचे. ऊन कुठून फिरते, पाणी कुठे मिळते, कोण कोणाशी बोलते, हे पाहायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, आपण उठलो तर आपल्या पाटीवर लक्ष कोण ठेवेल, ते शोधायचे. "ते सापडलं का मग पाटी आनायची. नाय सापडलं, तर दुसरा बाजार."

मी म्हटले, "पण मी तीन दिवस पाच देशांत उभी कशी राहू?"

"तुज्याकडं फोन हाय ना?"

म्हणून मी आमच्या कारखान्यातून त्या त्या देशांत गेलेल्या पाच जणांना एकच प्रश्न लिहून पाठवला. तुम्ही शेवटचे आजारी पडलात तेव्हा दार कोणी वाजवले? त्यांपैकी तिघांशी मी इथे असताना कधी चार वाक्येही बोलले नव्हते. तो संदेश पाठवण्यासाठी मला आठ दिवस लागले. हे मी तुला सांगितले नाही. मी दुसऱ्याच दिवशी पाठवले असे सांगितले.

उत्तरे मी तुला रविवारी बाजारात वाचून दाखवली. जर्मनीहून दीड पान आले होते, सगळे आरोग्य विम्याबद्दल, आणि शेवटी, 'आपल्या प्रश्नाचा नेमका रोख समजला नाही.' त्या देशाला मी दोष देणार नाही. ते गृहस्थ माझ्यासारखेच असावेत. आयर्लंडहून आमच्याच प्रयोगशाळेतून गेलेल्या एका मुलीने लिहिले होते, 'शेजारच्या आजी सूप घेऊन आल्या आणि दोन तास स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलत बसल्या. मला ताप होता, मला फक्त झोपायचे होते. आता त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असते आणि माझ्या घराची त्यांच्याकडे.'

तू इतकी खूश झालीस की समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तसेच थांबवलेस. "अरे भाय, दो मिनिट रुक. इधर मॅडम का देश चुनने का चालू है."

तो कारखान्यातला कामगार होता, हातात डबा घेऊन आलेला. तो म्हणाला, "चाची, हम तो बोईसर चुने थे. गाँव का एक आदमी था यहाँ. बस."

"बग," तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "ह्याला तक्ता नाय लागला." आणि त्या आनंदात तू त्याच्या पिशवीत दोन बोंबील जास्त टाकलेस.

इथपर्यंतचे सगळे मी हसत आठवू शकते. आता गुरुवार.

जर्मनी आणि आयर्लंड, दोन्हीकडे मी अर्ज केले होते; नोकरीची पत्रे एकाच महिन्यात आली, आयर्लंडचे त्या मुलीच्याच गावातून. उत्तर द्यायला मुदत होती. कारखान्यातून सुटल्यावर मी तुझ्याकडे आले आणि सांगितले की जर्मनीला होकार कळवते आहे. तू पाटी आवरत होतीस. विचारलेस, का? मी अर्धे हसत, अर्धे खरे असे उत्तर दिले की तिथली भाषा मला फारशी येत नाही, तेव्हा पहिली दोन-तीन वर्षे तरी कोणी माझ्याकडून बोलण्याची अपेक्षा ठेवणार नाही. आयर्लंडमध्ये मात्र ती गुडघ्यांवाली आजी असेल.

तू हसली नाहीस. "मंजे तू देश नाय शोधीत. लपायला जागा शोधतेस. त्याला येवड्या लांब कशाला जायला पायजे? ह्या बर्फाच्या पेटीमागं लप."

ते खरे होते म्हणून लागले. आणि मी, जिने आयुष्यात कुणाला उलट उत्तर दिले नाही, तुला म्हणाले, "मावशी, तू स्वतः बोईसरच्या पुढे कधी गेली आहेस का?"

लखमीबाईने भाजीवर पाणी मारायचे थांबवले. तू रिकामी पाटी उपडी करून झटकलीस आणि म्हणालीस, "जा बाय. तुला उशीर होल."

त्या रविवारी मी आले नाही. लाज वाटत होती. माफी कशी मागायची याची मनात जुळवणी करत होते. तिसरा मसुदा मला बरा वाटला होता. पुढच्या रविवारी तो बोलायचा होता. त्याआधी बुधवारी तुझ्या सुनेचा, नयनाचा, फोन आला.

तुझ्या बाराव्याला मी सातपाटीला आले. तुझ्या घरी मी पहिल्यांदाच येत होते. ओटीवर इतक्या बाया बसल्या होत्या की कुठे बसावे ते मला कळेना. नयना हात धरून मला आत घेऊन गेली. तिने आधी मला रागे भरले. "त्या रविवारी आई वाट बगत होती. तुज्यासाठी रावस बाजूला ठेवला होता, कुनाला दिला नाय."

मी कसेबसे म्हणाले, "मी त्यांना फार वाईट बोलले होते."

"ठाऊक हाय. घरी येऊन सांगितलं तिनं." नयना रडता रडता हसली. "बोलली, मॅडम बोलली मी बोईसरच्या पुडं गेले नाय. खरंच बोलली. पन बोईसरला तरी कोन गेलं होतं गो माज्या अगोदर? आनि बोलली, आज पोरीला आवाज फुटला. माज्यावर फुटला, पन फुटला."

मावशी, तीन मसुदे करूनही मला सुचले नसते असे उत्तर तू मला न भेटता देऊन गेलीस. आणि मी किती चुकीचे मोजत होते तेही. माझ्या हाताशी फोन आहे, पदवी आहे, पाच देशांची माहिती आहे, आणि तरी मी दोन महिने रेघा मारत बसले. तुझ्याजवळ एक रिकामा हात आणि तीन दिवस होते. घरच्यांनी सडेल म्हटलेली मासळी तू परक्या भाषेत विकलीस. आज तुमच्या गल्लीतल्या कितीतरी बाया बोईसरला येतात आणि त्यांना वाटते की बोईसरला जायची वाट पूर्वीपासूनच होती. वीजकेंद्रात नोकरी लागली म्हणून आलेल्या माझ्या वडिलांचे धाडस मी लहानपणापासून ऐकत आले. त्यांच्या खिशात नेमणुकीचे पत्र होते. तुझ्याकडे तेही नव्हते.

लखमीबाईही आली होती; डोंगराकडच्या तिच्या गावाहून दोन गाड्या बदलून. ती कोपऱ्यात बसली होती. मी तिला तुझ्या त्या पहिल्या तीन दिवसांबद्दल विचारले. तुझ्या पाटीवर लक्ष ठेवायला तू तिला कशी निवडलीस, हे मला तिच्याकडून ऐकायचे होते.

ती म्हणाली, "ती नाय मला बोलली. मीच बोलली तिला. तिच्याकडं पाटीच नव्हती तवा. तिसऱ्या दिवशी माजं पोट दुखत होतं, मी बोलली, बाय, माजी भाजी बग जरा. ती बसली, तं माजी अर्दी भाजी विकूनच ठेवली. मंग मी बोलली, उद्यापास्नं हितंच बस."

 इतके दिवस मी तुझा प्रश्न एकाच बाजूने वाचत होते. माझ्या पाटीवर लक्ष कोण ठेवेल, माझे दार कोण वाजवेल, हेच मी पाच जणांना विचारले. दुसऱ्याच्या पाटीशी आधी तू बसली होतीस, हे तू मला कधी सांगितले नाहीस. तुला ते सांगण्यासारखे वाटलेच नसावे. आयर्लंडच्या त्या मुलीच्या उत्तरात दोन किल्ल्या होत्या. मी एकच वाचली होती.

त्या गुरुवारनंतर जर्मनीला होकार पाठवायचा राहिलाच होता; शनिवारी सकाळी मी आयर्लंडला होकार कळवला. भीती गेलेली नाही. ती तिथेही येईल, मला ठाऊक आहे. त्या आजींच्या दारावर मी आधी जाईन की नाही, तेही आज छातीठोकपणे सांगवत नाही. पण त्यांच्या गुडघ्यांबद्दल काय विचारायचे याची जुळवणी मी आतापासून सुरू केली आहे. अर्जात एक रकाना असतो, तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावे. तिथे मी आमच्या विभागप्रमुखांचे आणि महाविद्यालयातल्या एका सरांचे नाव दिले होते. दोघेही सज्जन आहेत. त्यांनी माझ्याबद्दल 'मितभाषी' असे लिहिले. तुझे नाव द्यायला हवे होते. तू काय सांगितले असतेस, त्याची कल्पना करून मला रविवारी बाजाराच्या वाटेवर एकटीला हसू आले.

हो, मी रविवारी बाजारात आले होते. नयना पहिल्यांदाच तुझ्या जागेवर बसली होती. तिच्या पाटीत पापलेट होते, थोडी सुरमई, बर्फ. ती फार कमी बोलत होती आणि गिऱ्हाइके समोरून पुढे जात होती. तुझ्या हाका त्यांच्या कानाला सवयीच्या झाल्या होत्या. लखमीबाई शेजारी होती. मी पाटावर बसले. दहाच्या सुमारास नयना उठली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिला गिऱ्हाइकांपुढे नको होते. ती म्हणाली, "बस जरा. पानी पिऊन येते."

तिने पाटीवर लक्ष ठेव असे म्हटले नाही. म्हणायची गरज नव्हती.

समोरून दोन बाया बोलत चालल्या होत्या. लखमीबाई माझ्याकडे पाहत होती. मी घसा साफ केला. पहिली हाक माझी मलाच ऐकू आली नाही. दुसरी लखमीबाईला ऐकू आली. तिसरी त्या दोघींना ऐकू आली, आणि त्या वळल्या. "हे पापलेट आजचं आहे," मी म्हणाले, "आणि ही सुरमई कालची. कालचीचा भाव कमी आहे. कल्ला उचलून बघा ना!"

नयना परत आली तेव्हा पाटीतली चार पापलेटे गेली होती आणि माझा घसा बसला होता. सुरमईही गेली, मावशी. कालची म्हणून सांगून विकली.